हलकी झोळी, मोकळा खांदा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भाविकजनहो,

श्रींच्या दर्शनाची आस धरून आपण दूरदूरच्या गावांहून या स्थानी येता. पूजा-अभिषेकाच्या वेळा, भक्तनिवासाचे नियम आणि महाप्रसादाची व्यवस्था यांची माहिती या पुस्तिकेच्या आरंभीच्या पानांत दिलेली आहे. प्रस्तुत लेखात पायी येणाऱ्या भाविकांनी आपल्याबरोबर काय आणावे, काय आणू नये, आणि थोडक्या पैशांत ही तयारी कशी करावी, याविषयी काही निवेदन करावयाचे आहे. विषय वरकरणी सामानसुमानाचा आहे. परंतु त्याचे मूळ आपल्या शास्त्रांनी ज्याला अपरिग्रह म्हटले आहे त्या व्रतापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणूनच या गोष्टीला सूचनाफलकावर न ठेवता येथे, प्रवचनाच्या पानांत, स्थान दिले आहे.

एका यादीची कथा

या निवेदनास एक कारण घडले, ते प्रांजळपणे सांगतो. मार्गशीर्षात श्रीदत्तजयंतीच्या उत्सवास घाटमाथ्यावरील काही गावांतून पदयात्रा निघते आणि तिसऱ्या दिवशी घाट उतरून श्रींच्या चरणी येते. काही वर्षांपूर्वी पदयात्रींच्या सोयीसाठी कार्यालयातून एक पत्रक काढण्यात आले. 'आवश्यक साहित्य' या मथळ्याखाली त्यात एकतीस वस्तू होत्या. पाठीवरची मोठी सॅक, घाटवाटेचे बूट, स्लीपिंग बॅग, जलरोधक जाकीट, थर्मास आणि असेच बरेच काही. हे पत्रक मीच लिहिले होते. शहरातील दुकानांत गिर्यारोहणाचे जे साहित्य मांडलेले असते ते पाहून, कोणाची गैरसोय होऊ नये या सद्हेतूने लिहिले होते.

त्या वर्षी अनेक वर्षे न चुकता येणारे एक शेतमजूर गृहस्थ पदयात्रेत दिसले नाहीत. आजारी असतील असे वाटले. पुढे उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी त्यांची गाठ पडली, तेव्हा सहज विचारले. ते ओशाळून म्हणाले, "साहेब, यादीतलं सामान काही जमलं नाही."

भाविकजनहो, या एका वाक्याने माझी मान खाली गेली. ज्या माणसाने आजवर एक घोंगडी खांद्यावर टाकून, हाती काठी घेऊन श्रींची वाट तुडविली, त्याच्या आणि श्रींच्या मध्ये माझ्या हातून एक दुकान उभे राहिले होते. देवाच्या दारी येण्यास काही विकत घ्यावे लागते असे त्या कागदाने त्यांना सांगितले, आणि तो कागद देवस्थानचा असल्यामुळे त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

तराजूने दिलेला धडा

दुसऱ्या वर्षी पदयात्रा घाटमाथ्यावरून निघण्यापूर्वी आम्ही एक प्रयोग केला. महाप्रसादाचे धान्य मोजण्याचा वजनकाटा मुक्कामाच्या ठिकाणी नेला आणि ज्यांची हरकत नव्हती त्यांच्या पिशव्या तोलल्या. शहरातून आलेल्या एका तरुणाची कोरी सॅक चौदा किलो भरली. ती त्याने हप्त्यांवर घेतली होती. तिच्यात चार जोड कपडे, जाड रजई, पोलादी डबे, दोन विजेऱ्या, खाऊचे अनेक पुडे आणि "लागलंच तर" म्हणून घेतलेले पुष्कळ काही होते. त्याच्यामागे साठी उलटलेल्या एक आजी उभ्या होत्या. त्यांचे गाठोडे काट्यावर ठेवले, तो काटा साडेतीन किलोंच्या आतच थांबला. एक लुगडे, एक लोकरी शाल, एक प्लास्टिकचा कागद, पाण्याची बाटली, पेला, औषधाच्या गोळ्यांची पुडी, आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. तीन दिवसांचा त्यांचा संसार तेवढाच होता.

घाट उतरताना अर्ध्या वाटेवर त्या तरुणाचा गुडघा धरला. चढापेक्षा उतारच गुडघ्यांना अधिक जाचतो आणि पाठीवरच्या प्रत्येक किलोचा हिसका पावलागणिक सांध्यात बसतो. मंडळींनी त्याची सॅक उघडून सामान वाटून घेतले. सर्वांत आधी हात पुढे केला तो त्या आजींनी. त्याची रजई त्यांनी आपल्या गाठोड्यावर बांधून घेतली. तो संकोचाने नको नको म्हणू लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकरा, लागंल ते वाटंवरली मान्सं देत्यात. आपुन फकस्त परत द्यायला खांदा मोकळा ठिवायचा."

या पुस्तिकेत पुढे जे काही सांगावयाचे आहे त्याचे सार या दोन वाक्यांत आले आहे. आपले ओझे कमी करावयाचे ते केवळ स्वतःच्या सुखासाठी नव्हे. दुसऱ्याचे उचलण्याची वेळ आली तर आपला खांदा रिकामा असावा, यासाठी.

श्रीगुरूंची झोळी

श्रीदत्तप्रभूंचे रूप आपण डोळ्यांपुढे आणावे. खांद्याला झोळी, हाती कमंडलू, पायी खडावा, मागे धेनू आणि भोवती श्वान. परंपरा असे सांगते की, श्रीगुरू प्रातःस्नान काशीस करतात, भिक्षेस करवीरी येतात आणि निद्रेस मातापुरी जातात. ज्याला नित्य एवढी वाट चालावयाची आहे त्याच्या झोळीत काय असणार? सकाळी ती रिकामी असते, भिक्षेने भरते, आणि सायंकाळी पुन्हा रिकामी होते.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे. या अवधूतास आपली परंपरा श्रीदत्तात्रेयच मानते, आणि याच स्कंधावर श्रीएकनाथमहाराजांनी आपली प्रसिद्ध टीका रचली. अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांपैकी दोन आपल्या विषयासाठी फार उपयुक्त आहेत. एक कुरर पक्षी. त्याने चोचीत मांसाचा तुकडा धरला होता, तोवर बलवान पक्ष्यांनी त्याचा पाठलाग केला व त्याला घायाळ केले. त्याने तो तुकडा टाकून दिला मात्र, आणि पाठलाग थांबला. पक्षी तोच होता आणि आकाशही तेच. वजन तेवढे उतरले होते. दुसरा गुरू म्हणजे धान कांडणारी कुमारिका. हातातील कंकणांचा आवाज होऊ लागला म्हणून तिने ती एक एक करून उतरविली, आणि प्रत्येक हाती एकच उरले तेव्हा आवाज बंद झाला. तिने सारी कंकणे एकदम काढून टाकली नाहीत. एक एक काढीत, कोठे थांबावयाचे हे पाहिले. सामान कमी करण्याची रीत याहून चांगली कोणी सांगितलेली नाही.

पतंजलींनी पाच यमांत अपरिग्रहाची गणना केली आहे. परिग्रह म्हणजे केवळ धनसंचय असे आपण समजतो. परंतु पिशवी भरताना आपण जे करतो त्याकडे पाहावे. थंडी वाजेल या भयाने दुसरी रजई, भूक लागेल या भयाने चौथा पुडा, लोक हसतील या भयाने तिसरा जोड. पिशवीत वस्तू दिसतात, पण ओझे भयाचे असते. जेथे भयाचा आधार खरा आहे तेथे वस्तू घ्यावीच. जेथे तो केवळ मनाचा खेळ आहे तेथे ती घरी ठेवावी आणि रिकाम्या जागी श्रींचे नाम ठेवावे.

या भूमीचे आणि बाहेरचे दाखले

आपण ज्या महाड-पोलादपूरच्या परिसरात आला आहात तेथे या व्रताचे दाखले पावलोपावली आहेत. महाड तालुक्यात वरंधा घाटाच्या पायथ्याच्या बाजूस शिवथरची घळ आहे. याच घळीत श्रीसमर्थ रामदासस्वामींनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी श्रद्धा आहे. धुळ्याचे समर्थवाङ्मयाचे अभ्यासक शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही जागा प्रकाशात आणली. पावसाळ्यात धबधब्याचा घोष आणि भोवती कातळ, याखेरीज तेथे काय होते? एवढा थोर ग्रंथ जेथे सिद्ध झाला तेथे सामानाचे कोठार नव्हते.

श्रीसंत गाडगेबाबांच्या जवळ एक फुटके गाडगे, हाती खराटा आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र असे. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोवर त्यांच्या प्रेरणेने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या होत्या. स्वतः छप्पर न बाळगणाऱ्या या महापुरुषाने लक्षावधी यात्रेकरूंच्या पाठीवरून छपराचे ओझे उतरविले. आपल्याच रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले आचार्य विनोबा भावे १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे देशभर पायी फिरले. नित्य पहाटे मुक्काम हलविणाऱ्याला संग्रह परवडत नाही, हे त्यांच्या यात्रेने दाखवून दिले.

परदेशातीलही एक दाखला द्यावासा वाटतो. अमेरिकेत अपालाशियन पर्वतराजीतून जॉर्जिया ते मेन या राज्यांपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटरांची पायवाट जाते. अकरा मुलांची आई असलेल्या एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या आजीबाई १९५५ साली ती संपूर्ण वाट एकट्या चालून गेल्या. खांद्यावर स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी, पायी साधे कॅनव्हासचे बूट, पांघरायला एक ब्लँकेट, आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. आज जगभर अतिहलक्या सामानाने डोंगर चालण्याची जी रीत रूढ झाली आहे तिचे अनुयायी या आजीबाईंना आदराने स्मरतात. त्या रीतीत अन्न, पाणी व इंधन वगळून पाठीवरचे वजन साडेचार किलोंच्या आत ठेवतात. आमच्या वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या आजींना ही रीत ठाऊक नव्हती. त्या ती जन्मभर पाळीत आल्या होत्या.

थोडक्या खर्चात तयारी

आता प्रत्यक्ष तयारीविषयी. पहिली गोष्ट म्हणजे काहीही विकत घेण्यापूर्वी घरातील प्रत्येक वस्तू तोलावी. किराणा दुकानदार आनंदाने तोलून देतो. वजन कागदावर लिहिले की, न लागणाऱ्या वस्तू आपोआप नजरेत भरतात. हलकेपणाचा सर्वांत मोठा भाग घरी ठेवलेल्या वस्तूंतून येतो, आणि घरी ठेवण्यास पैसे पडत नाहीत.

पिशवी : मुलांचे जुने दप्तर पुरेसे आहे. ते नसल्यास मोडक्या छत्र्यांचे कापड शिंप्याकडून जोडून घ्यावे. ते हलके असते आणि पाणी बऱ्यापैकी अडविते. पट्टे मात्र रुंद असावेत. अरुंद पट्टे खांद्यात रुततात. लहान पिशवीचा आणखी एक लाभ असा की, तिच्यात जास्त भरताच येत नाही.

अंथरूण-पांघरूण : रात्री थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालच्या जमिनीतून लागते. वस्तूंच्या वेष्टनासाठी वापरतात तो पांढरा फोम बाजारात मीटरवर मिळतो. तो अंथरावा, दिवसा घडी करून पिशवीत पाठीच्या बाजूस ठेवला तर पाठीला टोचत नाही. वर एक लोकरी शाल आणि अंगात स्वेटर. घोंगडी ही आपली पूर्वापार सोबतीण. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते, हा तिचा मोठा गुण. ज्यांच्याकडे घोंगडी आहे त्यांनी दुसरे काही घेऊ नये. जाड सुती गोधडी मात्र टाळावी. ती जड असते, आणि भिजल्यावर वजन वाढवून ऊबही घालविते.

वस्त्रे : एक जोड अंगावर, एक पिशवीत. पिशवीतील जोड कोरडा राहील अशी काळजी घ्यावी. तो केवळ मुक्कामी वापरावा. चालताना टेरिलीनसारखे लवकर वाळणारे कापड बरे. घामाने भिजलेले सुती वस्त्र वाऱ्यावर अंग गार करते. अंग पुसण्यास जाड टॉवेलऐवजी पंचा घ्यावा.

पावसाची खोळ : मार्गशीर्षातही अवकाळी सर येते. डोक्यावरून पिशवीसकट पांघरता येईल असा प्लास्टिकचा कागद वा साधा रेनकोट असावा. पिशवीच्या आत नव्या गादीबरोबर येणाऱ्या जाड वेष्टनाची खोळ करून तिच्यात कपडे ठेवावेत. बाहेरून पाणी आले तरी आतले कोरडे राहते.

पादत्राणे : पायातील वजन पाठीवरील तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी अधिक थकविते, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावे लागते. साधे, नीट बसणारे, रवाळ तळाचे कॅनव्हासचे बूट पुरेत. मात्र ते नवे कोरे घालून येऊ नये. निदान पंधरा दिवस पायी वापरलेले असावेत. हाती वेळूची काठी असावी. उताराला ती गुडघ्यांचा भार घेते आणि कोकणात तिला फारसे मोल पडत नाही.

पाणी व शिधा : एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन लिटरांची सोय असावी. परंतु पुढे पाणपोई जवळ असेल तर दोन्ही बाटल्या काठोकाठ भरण्याचे कारण नाही. पोलादी बाटलीऐवजी शीतपेयाची जाड रिकामी बाटली धुऊन घ्यावी. दोन बाटल्यांचे वजन पाऊणशे ग्रॅमदेखील होत नाही. शिध्यात शेंगदाणे, गूळ, फुटाणे, सातूचे पीठ, राजगिऱ्याचे लाडू असे थोडक्या वजनात अधिक बळ देणारे पदार्थ असावेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ५६० उष्मांक असतात, तेवढ्याच केळ्यात साधारण ९०. केळी मुक्कामावर खावीत, शेंगदाणे वाटेवर.

किरकोळ : डोक्याला बांधावयाची लहान विजेरी, नेहमीची औषधे, जलसंजीवनीची पुडी, चिकटपट्टी, ताटली, पेला, साबणाचा तुकडा. अख्खी वडी कशाला हवी?

या सर्वांचे वजन आम्ही करून पाहिले. पिशवी ४००, शाल ६००, स्वेटर ४००, कपड्यांचा जोड ५००, पावसाची खोळ ३००, फोम २००, विजेरी १००, रिकाम्या बाटल्या ६०, औषधे १५०, ताटली-पेला १५०, पंचा १५० आणि किरकोळ २०० ग्रॅम. एकूण ३ किलो २१० ग्रॅम. दोन लिटर पाणी आणि अर्धा किलो शिधा धरला तरी सहा किलोंच्या आतच. यांतील बहुतेक वस्तू कोणाच्याही घरी असतात; उरलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणाव्यात. त्यासाठी कर्ज काढणे वा हप्ते बांधणे श्रींना कदापि मान्य होणार नाही.

चौघे मिळून येत असतील त्यांनी औषधांची पिशवी, सुई-दोरा, चाकू अशा वस्तू एकेकच घ्याव्यात. दिंडीचा धर्म तोच आहे. परंतु पाणी, उजेड, पावसाची खोळ आणि कोरडा जोड हे चार ज्याचे त्याच्याजवळ असावेत. वाट चुकली तर सोबती जवळ नसतो.

घरी परतल्यावर पिशवीतील वस्तूंचे तीन ढीग करावेत : रोज लागलेल्या, एकदा लागलेल्या, आणि मुळीच न लागलेल्या. तिसरा ढीग पुढच्या वर्षी घरी राहील. औषधे व पावसाची खोळ तेवढी त्यास अपवाद. ती लागली नाहीत ही श्रींची कृपा समजावी.

हलके म्हणजे उणे नव्हे

येथे सावधगिरीचा एक शब्द. काही तरुण मंडळी हलकेपणाची शर्यत लावतात आणि पाणी वा उजेडही घरी ठेवतात. हा अपरिग्रह नव्हे, हा प्रमाद आहे. कारण त्यांचे उणे दुसऱ्याला भरून काढावे लागते. वर सांगितलेल्या एमा आजीबाई १९५४ साली पहिल्या प्रयत्नात वाट चुकल्या, त्यांचा चष्मा फुटला आणि त्यांना परतावे लागले. दुसऱ्या वर्षी त्या पुन्हा गेल्या त्या वाटेचे ज्ञान घेऊन. जितके सामान कमी, तितकी माहिती अधिक हवी. मुक्काम कोठे, पाणी कोठे, सूर्यास्त केव्हा, हे ठाऊक असणाऱ्यालाच थोडक्यात भागविता येते. संकटसमयी ११२ या क्रमांकावर साहाय्य मागता येते. दूरध्वनीत विद्युत्भार राखून ठेवावा.

पावसाळ्याविषयी विशेष विनंती आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक ग्रामस्थ मृत्युमुखी पडले आणि त्याच सुमारास पुराने महाड शहर जलमय झाले. अतिवृष्टीत या डोंगरांतील पाऊलवाटांनी येऊ नये. हलकी झोळी दरडीपासून वाचवीत नाही. श्रींचे दर्शन मार्गशीर्षातही तेवढेच फलदायी आहे.

देणगीदार महानुभावांस

आपल्या औदार्यावर देवस्थानचे सर्व उपक्रम चालतात. आपणांस एवढेच सुचवावेसे वाटते की, वाटेवर दिलेले दान यात्रेकरूच्या पाठीवरून थेट वजन उतरविते. एक पाणपोई उभी राहिली की, तेथून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवरचा एक किलो कमी होतो. भक्तनिवासात वीस घोंगड्या ठेवल्या की, वीस जणांना त्या घरून वाहाव्या लागत नाहीत. परत करण्याच्या अटीवर खोळी व काठ्या पदयात्रींना देता आल्या, तर गरीबातील गरीब भाविकही निर्धास्त येईल.

आणि पाणी सर्वांसाठी असावे. याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क प्रस्थापित केला. ज्याला वाटेवरचे पाणी नाकारले जाते त्याला ते घरून वाहून आणावे लागते. म्हणून पाणपोईवर कोणाचेही नाव-गाव विचारले जाऊ नये, ही आमची सेवकवर्गास सक्त सूचना आहे.

वाहण्याजोगे ओझे

शेवटी एकच. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर ते धारातीर्थी पडले. त्यांचे पार्थिव सह्याद्रीच्या ज्या घाटाने खाली उमरठास आणले गेले, त्याला लोक आजही मढे घाट म्हणतात, अशी परंपरा आहे. किती अवघड ती वाट, आणि किती जड ते ओझे! परंतु ते वाहणाऱ्यांच्या मनात ते टाकावे असे क्षणभरही आले नसेल. त्यांचे खांदे स्वतःच्या सामानाने भरलेले असते तर?

भाविकजनहो, ओझी दोन प्रकारची असतात. एक भयाने गोळा केलेले आणि दुसरे प्रेमाने उचललेले. पहिले जितके कमी, तितके दुसऱ्याला बळ उरते. थकलेल्या सोबत्याची पिशवी, लेकुरवाळीचे कडेवरचे मूल, वृद्धाचा हात, वाटेवर इतरांनी टाकलेला कचरा, ही सारी दुसऱ्या प्रकारची ओझी आहेत आणि ती श्रींच्या वाटेवर रोज भेटतात.

एकतीस वस्तूंचे ते पत्रक आता कार्यालयात नाही. त्याच्या जागी एक लहानसा कागद लावलेला आहे. त्यावर पाणी, उजेड, पावसाची खोळ, कोरडा जोड, ऊब, औषध आणि काठी अशी सातच नावे आहेत. खाली लिहिले आहे, 'यांपैकी जे नसेल ते कार्यालयात मागावे.' ते शेतमजूर गृहस्थ पुढच्या मार्गशीर्षात आले. त्यांनी काही मागितले नाही. त्यांची घोंगडी त्यांच्या खांद्यावर होती, आणि उतारावर एका लहान मुलीला तिच्यात गुंडाळून त्यांनी श्रींच्या पायरीपर्यंत आणले.

आपणांसही श्रींनी असेच हलके आणावे, आणि आपला खांदा कोणाच्या तरी उपयोगी पडावा, ही श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.

आपला नम्र,
कार्यालयीन चिटणीस